म आणि नीचं भांडण

मारेगाव
४ एप्रिल २०२५

चि. अंकुर यास आजी भागीरथाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुले एक आजी हाय, हे ध्यानात हाय ना बाप्पा? की तेही कीबोर्डच्या पेटीत बंद करून पुण्याले नेलं? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टमनले त्रास. मले लिहिता येत नाही. अक्षर कोणाचं हाय ते तू ओळखशीन.

तीस तारखेले तुह्या बहिणीचं, समीक्षाचं लग्न हाय. मांडव दारातच. भाऊ वाजवणार, असं ती सासरी सांगून बसली.

मागच्या वर्षी चुलतबहिणीच्या, वैष्णवीच्या लग्नात तू वाजवत असताना तुह्या बापानं कीबोर्डची पिन उपसली, अन् बॅन्डवाला व्हाले शिकवलं काय म्हणून चारचौघांत ओरडला, ते मी इसरली नाही. संजय, थांबू नको, तुह्यंच असलं तरी. सांगते तसं लिही.

तेव्हा तू त्या दामिनी-सेवनवर होता. तूच मले समजावलं होतं. त्याच्यात म अन् नी हे दोन सूर एकमेकांच्या उरावर बसतात, कानाले टोचते. मग म अर्धं पाऊल उतरते, नी अर्धं पाऊल चढते, अन् गाणं घरी पोचते. तू घरी पोचलाच नाही. ते टोचणं अजून दारात लोंबून राह्यलं. एकानं आपलं अर्धं पाऊल टाकलं, अक्षर पाह्य. दुसरं तुह्यापाशी हाय.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आजी


पुणे
१२ एप्रिल २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

दामिनी नाही गं, त्या कॉर्डचं नाव डॉमिनंट सेव्हन्थ. आणि म-नीमधल्या त्या टोचऱ्या अंतराला ट्रायटोन म्हणतात. पण तू दामिनीच म्हण, माझ्या क्लासमधली पोरंही आता तसंच म्हणतात.

बाबांचं अक्षर ओळखलं. पण शब्द तुझे आहेत. मांडवात ओरडले ते शब्द बाबांचे स्वतःचे होते, मग बोलावण्याचेही त्यांचेच हवेत. एक ओळ पुरे. त्या ओळीवर मी गाडीत बसेन.

तुला मी अर्धंच शिकवलं होतं. म आणि नी तेच ठेवायचे, फक्त डाव्या हाताचा खालचा सूर बदलायचा. मग म चढतो, नी उतरतो, आणि दोघं भलत्याच घरी पोचतात. तेही घरच असतं, कानाला खटकत नाही. इथे संध्याकाळी एका हॉटेलात वाजवतो. कोणी पिन काढत नाही.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा अंकुर


मारेगाव
५ मे २०२५

चि. अंकुर यास अनेक आशीर्वाद.

लग्न झालं. समीक्षा पुसदले गेली.

तुह्यं पत्र मी तुह्या बापाकडूनच वाचून घेतलं. त्या ओळीचंही त्यानंच वाचलं. मग म्हटलं, लिही. त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, अन् मांडवाचे बल्ब पाहाले गेला.

लग्नाच्या दिवशी त्यानं स्वतः मांडवाच्या कोपऱ्यापर्यंत वायर ओढली, पिनीचा बोर्ड ठोकला, तुह्या कीबोर्डाएवढं टेबल मांडलं. व्याह्याच्या भाच्यानं तिथं फोन चार्जिंगले लावला तर त्याच्यावर वसकला. पंगती उठल्या तरी टेबल तसंच. समीक्षा हार घालतानाही तिकडंच पाहून राह्यली होती. वायर ओढता येते त्याले, ओळ लिहिता येत नाही. तू कागद मागत बसला.

तुह्यं दुसरं घर समजलं. तुह्या कानाले खटकत नसंन.

हे अक्षर शेजारच्या बिस्मिल्लाबीच्या सुनेचं, कहकशांचं हाय. तुह्या बापाले साखर निघाली. ते तुले कळव म्हटलं, तर त्यानं पेनच खाली ठेवलं.

लोभ उरला असंन तर राहू दे.

तुही आजी

ता. क. लग्नाचे लाडू तुले पाठवत नाही, ते पंगतीत बसणाऱ्यांचे. तूच तिकडून नाचणीची बिनसाखरेची बिस्किटं धाड. पार्सलवर नाव माह्यं टाकू नको, मले वाचता येत नाही. त्याचं टाक.