व्याह्यांचा वास

प्रिय चिझुरू,

तू घेतलेली एक्केचाळिसाव्या मजल्यावरची खोली फर्मास आहे. पलंग असा की आपल्या दुकानातल्या दोन्ही कढया आणि तुझी आई आडवी झोपली तरी मला जागा उरेल. काचेतून आपली गल्ली नखाएवढी दिसते. धुरावरून ओळखली.

ओसाकात घर असून ओसाकातच हॉटेल! तुझी आई म्हणाली, "जा, पोरीनं तुम्हाला धुवायला टाकलंय." खरंच होतं ते. आज दुपारी इथेच व्याह्यांची पहिली भेट, टोकियोची माणसं, आणि माझ्या कातडीत माशांच्या वड्यांचं तेल मुरलेलं. तू वासाचं नाव काढलं नाहीस, पण फोनवर "बाबा, जरा आराम करा" म्हणताना तुझा आवाज बारीक झाला. मला कान आहेत गं. वर "धंदा विचारला तर खाद्यपदार्थ म्हणा, वड्या म्हणू नका" हेही बजावलंस. तोमोनारी तुला किती आवडतो ते ठाऊक आहे. म्हणून बरं म्हटलं आणि आल्याआल्या साबणाची वडी संपवली.

सकाळी मात्र घोळ झाला. गरम झऱ्यांच्या गावी उतरलो की आपण मुक्कामी मिळालेल्या सुती झग्यातच जेवायला जातो ना? तसाच गेलो, पायात खोलीतल्या सपाता. नाश्त्याच्या दारातली मुलगी इतकी वाकली की मला वाटलं तिचं काही पडलं. म्हणाली, "आपण कपडे बदलून आलात तर आमच्यावर मोठे उपकार होतील." मी एकटा नव्हतो! शेजारी तसाच झगा, तशाच सपाता घातलेला एक म्हातारा तिला उलट वाकून नमस्कार करत होता. आम्ही दोघं चोरासारखे लिफ्टमध्ये शिरलो.

लिफ्टमध्ये तो बोलला ते केवढ्यानं! एक वाक्य टाकायचा, थांबायचा, मग दुसरं. प्रतिध्वनी विरायची वाट बघतोय असा. मी म्हटलं, "तुमचं सार्वजनिक स्नानगृह असणार." तो टरकलाच. "हळू बोला हो! पोरानं दम दिलाय, व्याह्यांसमोर गरम पाण्याचं नाव काढायचं नाही. मुलीकडचे खाद्यपदार्थांतले बडे लोक आहेत म्हणे." मग त्यानंच नाक वर करून हुंगलं. "पण तुम्ही... वड्या? तिळाच्या तेलातल्या?"

साबणाची अख्खी वडी वाया गेली, चिझुरू.

मी वाकून म्हटलं, "मीच तो बडा. चिझुरूचा बाप." तोमोनारीचे वडील, कुरामोचीसान, भिंतीला टेकून इतके हसले की आमचा मजला निघून गेला. एक्केचाळीसला उतरायचं ते पन्नासला पोचलो. तिथं दार उघडलं, सुटाबुटातले दोघे आत येणार होते, आमच्याकडे बघून म्हणाले, "आम्ही पुढच्या लिफ्टनं येतो."

कपडे बदलले, पण नाश्त्याला परत जायची दोघांनाही लाज वाटली. पोटात कावळे. मग काय, गेलो आपल्या दुकानात. तुझ्या आईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "अहो, व्याह्यांना काय असं मागच्या दारानं आणतात?" पुढच्या क्षणी तिनं त्यांच्या गळ्यात एप्रन अडकवला. माणूस स्नानगृहाच्या भट्टीजवळ मुरलेला, जाळ कमीजास्त करायला सांगावं लागलं नाही. पहिल्या वड्या तळल्या, फुंकून फुंकून खाल्ल्या, आणि म्हणाले, "आंघोळीनंतर ह्या खायला मिळाल्या तर लोक घरी जायचेच नाहीत."

आता हे पत्र का, ते सांगतो. खाली काउंटरवर ठेवतोय, तू जेवणघरात शिरण्याआधी तुला द्यायला सांगून. बारा वाजता आम्ही दोघं सूट घालून समोरासमोर बसू आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखे वाकू. तसं ठरलंय, तोमोनारीची गंमत करायची आहे. तू ओळख दाखवू नकोस. घाबरूही नकोस. फक्त आंघोळीला वेळ उरला नाही, तेव्हा आज वास एका बापाचा नाही, दोघांचा येईल. खिडकी उघडायला धावू नकोस. या मजल्यांवर त्या उघडत नाहीत, मी बघून ठेवलंय.

तुझाच, तळलेला आणि खूश,
बाबा