खाकी कागद लावलेलं कपाट

आई,

पेडण्याच्या वाचनालयातलं कोपऱ्यातलं कपाट तुला आठवत असेल. वाचनालयाच्या मंडळाने त्याच्या काचांना आतून खाकी कागद लावून घेतला होता. शरीर, बाळंतपण, बायकांचे आजार, अशी पुस्तकं त्यात. ती हवी असतील तर अध्यक्षांची सही लागायची. ग्रंथपाल तू, किल्ली तुझ्या कमरेला. एखादी बाई दबकत आलीच तर तू हसून म्हणायचीस, "सही हाड गो, मगे देतंय." सही आणायला कोणी गेली नाही. त्या दिवसांत टेबलावर मराठी वर्तमानपत्र वर ठेवायचं की कोंकणी, यावर बैठकीत आवाज चढत. कपाटाचा विषय कोणी काढला नाही.

तुझ्या छातीत गाठ होती. कधीपासून, ते तू सांगितलं नाहीस. रोज सकाळी त्या कपाटाची धूळ पुसायचीस. गोवा घटकराज्य झालं तेव्हा मंडळाने घरी पेढे पाठवले. तू एक उचललास आणि माझ्या हातावर ठेवलास. तोवर म्हापशाच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं होतं. आधी कळलं नाही का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू पदर सारखा केलास.

आता मी डिचोलीच्या वाचनालयात असते. इथे तसं कपाट नाही. संगणक आहेत, आणि नको ते अडवणारं फिल्टर. आज सर्वण गावची एक बाई आली. तिने स्तनातली गाठ असं टाइप केलं आणि पडद्यावर आलं, हे पान पाहण्यास परवानगी नाही. परवानगीसाठी पणजीला लेखी विनंती करावी लागते, कारणासह. मी तेच सांगायला जवळ गेले. तिने हाताने पडदा झाकला.

"मी वायट काय शोधूक नाय गो, बाय."

तिचा दुसरा हात पदराखाली होता.

माझ्या ऑफिसच्या खोलीतल्या संगणकाला फिल्टर नाही. तिला तिथे बसवलं, दार लोटलं, बाहेर थांबले. उद्या म्हापशाला जाते म्हणाली, पण सोबत कोणी नाही. मी रजा टाकली आहे.

ती गेल्यावर ते पान तसंच उघडं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. गाठ लवकर दाखवली तर बाई वाचू शकते, असं साध्या शब्दांत लिहिलंय. तुझ्या कपाटातही ते कुठेतरी असणार, आणि किल्ली तुझ्याकडेच होती.

हा कागद घडी घालून खणात ठेवते. बैठकीतली ती माणसं मी केव्हाच विसरले. राग तुझ्यावर आहे, आई, अजून.