वाघीण गाडीपाशी आली तेव्हा

प्रिय बाबा,

तुमच्या ड्रायव्हर लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते.

काल पहिल्यांदाच मला शिकवणारे उस्ताद शेजारी नसताना सफारीची जीप जंगलात नेली. मागे सहा पाहुणे होते. एका वळणावर वाघीण दोन पिल्लांसह रस्त्यातच बसलेली! मी इंजिन बंद केलं. तेवढ्यात एक आजोबा फोटोसाठी उभे राहिले आणि वाघीण गुरगुरत आमच्याकडे येऊ लागली.

"ताई, गाडी मागे घ्या!" पाहुणे कुजबुजले. पण इंजिनाच्या आवाजाने ती बिथरली असती.

"आजोबा, हळूच खाली बसा. कुणीही हलू नका," मी म्हटलं. माझा आवाज अगदी तुमच्यासारखा निघाला. वाघीण बॉनेटपाशी थांबली, आमच्याकडे बघून वळली आणि पिल्लांना घेऊन झुडपांत शिरली.

फाटकाबाहेर आल्यावर उस्तादांना सगळं सांगितलं. उस्ताद एवढंच म्हणाले, "उद्यापासून सकाळची फेरी तुझी."

तुमचा गुडघा कसा आहे? टेम्पो चालवायला दादालाच देता ना?

आईला हे वाचून दाखवाल तेव्हा वाघीण जरा लांब उभी करा. निदान पन्नास पावलं तरी.

तुमची,
धाकटी