शिकारी कुत्र्याच्या बदल्यात

दौंड, १३ डिसेंबर १९९८, रविवार

उद्या शिरूरच्या कॉलेजात युरोपातली सरंजामशाही शिकवायची, म्हणून दुपारी वडिलांना, आबांना, डेन्मार्कच्या एका सरदाराचं चरित्र वाचून मराठीत सांगत होते. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस. फळबागेचा शौक, ग्रंथांचा नाद. आणि या गृहस्थानं एका शिकारी कुत्र्याच्या बदल्यात आपलं एक कूळ शेजारच्या सरदाराला देऊन टाकलं! पुस्तकात कुत्र्याचं नाव आहे, माणसाचं नाही. तिथं कुळानं जन्माचं गाव सोडायचं नाही, पळालं तर धरून आणायचे.

"गोऱ्यानं गोऱ्याला?" आबांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मग म्हणाले, "आपल्या गावातनं, तळेगावातनं पळून मी रेल्वेत लागलो, तवा मलाबी न्यायला आलं व्हतं. गावकीच्या कामाची, गावासाठी फुकट राबायची, आपल्या घराची पाळी व्हती."

इतकी वर्षं मला वाटायचं, आबा नोकरीसाठी इथं आले. बोलले कसे नाहीत कधी? "पाटलाची माणसं आली होती?" मी विचारलं.

"न्हाई. माझा बाप. फलाटावर माझ्या पाया पडला."

कुत्र्याच्या बदल्यात माणूस, हे उद्या वर्गात सांगता येईल. पण बाप लेकाच्या पाया पडला, हे? आबा परत गेले नाहीत, म्हणून मी आज शिकवते. मग ती पाळी कुणी केली? धीर करून विचारलंच.

"त्यानंच," आबा म्हणाले. "मरंस्तवर."