चुकवलेला शनिवार

नागपूर, १२ डिसेंबर

चि. भागवतास,
वैजूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला तं तू ‘बरा हाये’ म्हनून ठेवून देल्ला, म्हनून कागद घेतला. सोमवारी घरी जाता जाता एसटीत तुले दम लागला, कारंज्याले उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं, हे मले माही भावजय निकितानं काल सांगतलं. वाशीमचं शनिवारचं डायलिसिस तू चुकवलं, हेही तवाच समजलं. मले तं तू शुक्रवारीच उरकलं म्हनला होता.

इतवारी हवाई कसरती पाहाले गेलो, मैदानावर गवतात पडून तू विमानांचे फोटो काढत होता, तवा मी विमानं पाह्यलीच नाही, तुह्या तोंडाकडे पाहत होती. मंग पिच्चरच्या मध्यंतरात तू बाहेर गेला अन् आलाच नाही. पायऱ्यांवर बसलेला दिसला. गर्दीनं जीव घाबरला म्हनला, मी खरं मानलं. वरून हॉटेलात नेलं. एक दिवस पापड-लोणचं चालते, असं मीच म्हनलं. मोजून पानी पिनाऱ्या भावाले ताकाचे दोन गिलास पाजले.

निकितानं एकट्याले काहून सोडलं, तिलेही विचारीन.

रागावली तरी बहीणच हाये, ध्यानात ठेव.
तुही वैजूताई


कामरगाव, १७ डिसेंबर

ती. ताईस,
भागवतचा शि. सा. नमस्कार. ताकाचा दोष तुहा नाही. मी खोटं बोललो नसतो तं तू पाजलं नसतं.

मशीनवरून उठलं का दुसऱ्या दिवशी हातपाय गळतात. सुया लावतात त्या हातानं वजन उचलाची मनाई. माह्या फोटोग्राफर दोस्तानं, देवमननं, त्याची मोठी लेन्स देल्ली होती, दोन किलोची. शनिवारी वाशीमले गेलो असतो तं इतवारी ती धरवली नसती. लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, आता दुकानात पासपोर्ट फोटो काढतो. समोरच्याले हालू नका म्हनाचं, बस. मले हालतं काही टिपाचं होतं. विमान आवाजाच्या पुढे पळते ताई. आवाजाकडे कॅमेरा फिरवला तं नुसतं आभाळ सापडते. चारशे फोटोंत अकरा बरे आले. एकात पायलटचं हेल्मेट दिसते.

दवाखान्यात तोंडावर मास्क लावला, तवा मात्र विमानं आठवली नाही. आपली पोरगी साक्षी शाळेत जाताना मागं वळून पाहते, तेवढं आठवलं. भेव वाटलं.

निकिताले काही बोलू नको. नागपुरातच मशीन ठरवलं, असं मी तिले सांगतलं होतं. तिले काहीच ठाऊक नवतं.

माया आटू देऊ नको.
तुहा भागवत


कामरगाव, २४ डिसेंबर

सौ. वैजूताईंना,
निकिताचा नमस्कार. यायनी तुमाले लिहिलेलं पत्र मले वाचून दाखवलं. त्यात एक चूक हाये. मले ठाऊक होतं.

शुक्रवारी मी नागपूरच्या त्या दवाखान्यात फोन केला. यायचं नाव तिथं नवतंच. विचारावं म्हनून आत गेली, तं हे साक्षीले विमान उलटं कसं होते ते हातानं दाखवून राह्यले होते. दोघंही हसत होते. दोन वर्षांत घरात असं हसणं ऐकलं नवतं. मी तशीच मागं फिरली. शर्टाले इस्त्री केली, बिनमिठाच्या पोळ्या बांधून देल्ल्या, स्टँडवर सोडून आली. सोमवारी कारंज्याहून फोन आला, तवापासून रातच्याले उठून उठून यायचा श्वास पाहते.

यायले हे सांगतलं नाही, सांगणारही नाही. आता दर बुधवारी-शनिवारी वाशीमले मी संग जाते. परवा तिथं खाटेवर पडूनच ते मोबाईलवर पाहत होते, पुढच्या हवाई कसरती कधी हायेत म्हनून. मले तारीख वाचून दाखवली अन् माह्या तोंडाकडे पाहत राह्यले.

ताई, ते मले जाऊ का म्हनून विचारतील. तवा माह्यानं नाही म्हनवणार नाही. तुमी नाही म्हना.

रागासकट माया असू द्या.
तुमची निकिता