बोट पूर्ववत ठेवणे व खेद व्यक्त करण्याबाबत

प्रति,
मा. सहायक प्रकल्प अधिकारी (जलवाहतूक),
तळेगव्हाण जलाशय कार्यालय,
जि. बुलडाणा.

विषय : बोट समितीच्या मोठ्या बोटीकरिता टिकाऊ ट्रेलरला मंजुरी मिळणे, तसेच बोट पूर्ववत ठेवून लेखी खेद व्यक्त करण्याच्या आदेशाबाबत.

संदर्भ : १) आपले ज्ञापन दि. १३ जानेवारी २०२५.
२) खामगाव रस्त्यावरील चहाच्या टपरीसमोर झालेली आपली व बोटीची समक्ष भेट.

अर्जदार : शेषराव भगवंतराव जायभाये, अध्यक्ष, बोट समिती, मौजे तळेगव्हाण.

महोदय,

१. अर्जदार हा शेतकरी असून बोट समितीचा अध्यक्ष आहे. हे पद त्याने मागितले नव्हते. सभेत तो पाणी प्यायला उठला आणि परत येईपर्यंत त्याची बिनविरोध निवड झालेली होती. जलाशयामुळे तळेगव्हाण अल्याड व कोळपिंपरी पल्याड पडली. पाण्यावरून पाव तासाची वाट रस्त्याने चौतीस किलोमीटर आहे, आणि त्या रस्त्याविषयी अर्जदार येथे काही लिहीत नाही, कारण कागद दोनच आणले आहेत. लोकांची ही अडचण पाहून शासनाने तीस माणसांची लोखंडी बोट दिली. पुरवठा आदेशात ‘गावात पोच’ असे म्हटले असल्याने ट्रकवाल्याने ती गावातच, मारुतीच्या पारासमोर, क्रेनने उतरवून दिली. पाणी तेथून तीन किलोमीटर पुढे आहे. तेव्हापासून गावची म्हातारी मंडळी दुपारी बोटीत बसून पत्ते कुटतात व बोटीविषयी त्यांची कोणतीही तक्रार नाही.

२. अर्जदाराची मात्र आहे. त्याची एकुलती एक लेक रुपाली ही पल्याडच्या कोळपिंपरीस दिलेली असून ती पहिलटकरीण आहे. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, ही रीत आपणास ठाऊक आहेच. तिला आठवा लागला तेव्हा डॉक्टरांनी गचके बसू देऊ नका असे बजावले. अर्जदार जीप घेऊन न्यायला गेला असता त्याच्या विहीणबाई अंबूबाई यांनी त्यास दारातच सांगितले की, “या खड्ड्याईतून मी पोटुशी पोरगी धाडत नाही, भाऊ. पान्यातून न्या, नाहीतं इथंच राहू द्या.” अंबूबाईंचे म्हणणे रास्त होते. विहिणीचे म्हणणे रास्त आहे असे लेखी देणारा अर्जदार हा तालुक्यातील पहिलाच मुलीचा बाप असावा. परंतु लेक समोरच्या काठावर धुणे वाळत घालताना दिसते आणि घरी येऊ शकत नाही, याने अर्जदाराचा जीव तीळतीळ तुटत होता. बोट पाण्यात गेल्याशिवाय रुपाली येणार नव्हती व ट्रेलर मिळाल्याशिवाय बोट जाणार नव्हती.

३. ट्रेलर एकदाच भाड्याने आणून भागेल, अशी सूचना आपल्या कार्यालयाने केली होती. बोटीचे वजन दोन टन आहे. चैत्रापर्यंत पाणी एक-दीड किलोमीटर मागे हटते आणि पावसाळ्यात पुन्हा चढते. त्यामुळे बोट दरवर्षी काढावी, घालावी, सरकवावी लागणार. सबब ट्रेलर स्वतःचा हवा व टिकाऊ हवा. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली, ती अशी :

क्र. १, समुद्रकाठच्या एका कंपनीचे. जस्ताचा मुलामा, रबरी रूळ, बोट ओढायला हाताची चरखी. पाच लाख ऐंशी हजार, वाहतूक वेगळी. माल उत्तम. कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारले, तुमच्याकडे भरती-ओहोटी किती वेळा येते? वर्षातून एकदा, असे अर्जदाराने खरे तेच सांगितले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

क्र. २, गोकुळ मिस्त्री, दुसरबीड, यांचे. हे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. जाड चॅनेलची चौकट, दोन धुरा, स्प्रिंगचे दणकट पाटे, बोटीच्या पोटाला बसेल असे बाभळीचे लाकडी घर व त्यावर जुन्या टायरचे रबर. एक लाख बहात्तर हजार. शेवटी टीप आहे की सवयीने बाजूचे फाळकेही लावले आहेत, बोट नसेल तेव्हा सोयाबीन भरता येईल.

क्र. ३, जानराव, राहणार आमच्याच गावी. दोन बैलबंड्या एकमेकींस बांधून, चार बैलांसह, अठरा हजार. वैरण समितीची.

४. सर्वात कमी दर स्वीकारावा, असे आपले उत्तर आले. आदेश शिरसावंद्य मानून क्र. ३ ची चाचणी घेण्यात आली. बोट चढली, बैल निघाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दूध डेअरीच्या वळणावर पुढची बंडी वळली, मागचीला ते पटले नाही. बोट आडवी होऊन रस्ता दुपारपर्यंत बंद राहिला व दुधाचे कॅन लोकांनी बोटीच्या एका बाजूने चढवून दुसऱ्या बाजूने उतरवले. जानराव यांचे म्हणणे पडले की बंडी चांगलीच आहे, बोटच जास्त लांब आहे. याचा अहवाल पाठवल्यावर आपण मोठ्या मनाने फोनवर सांगितले की, क्र. २ आणून बोट पाण्यापर्यंत नेऊन पहा, टिकतो का बघू, मग मंजुरीचे पाहता येईल.

५. गोकुळ मिस्त्रींनी, पसंत पडला तर ठेवा या बोलीवर, ट्रेलर पाठवला. बोट चढवली. नारळ आणला. आणि येथे जे घडले त्यासच आपल्या ज्ञापनात ‘गंभीर स्वरूपाचा प्रमाद’ म्हटले आहे, म्हणून अर्जदार ते सविस्तर सांगतो. ट्रॅक्टर पाण्याकडे वळवणार तोच रुखमाबाईंनी, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीने, विचारले, “शेगावले न नेताच कामाले लावता काय?” महोदय, आपल्या जिल्ह्यात सायकल घेतली तरी पहिली फेरी शेगावची असते. आपल्या कार्यालयाच्या नव्या जीपमध्येही आरशाला महाराजांची तसबीर आहे, ती काही आपोआप आलेली नाही. लेकीच्या सुटकेसाठी जी वस्तू आणली ती देवाला न दाखवता पाण्यात घालायची हिंमत अर्जदारास झाली नाही. तीन किलोमीटर जायचा ट्रॅक्टर शंभराच्या वर किलोमीटरच्या वाटेला लागला.

६. बोटीत माणसे बसली हे खरे आहे. अर्जदाराने कोणास बोलावले नव्हते, परंतु रिकामी बोट शेगावला चालली आहे म्हटल्यावर गाव घरात बसत नाही. बायांनी वाटेत अभंग म्हटले, पोह्यांचे डबे फिरले. खामगावजवळ एका पानवाल्याने आमच्या जानरावांना विचारले, “काऊन बे, पूर येऊन राह्यला का?” जानरावांनी वरूनच उत्तर दिले, “हाव, तुमच्याच गावाले येऊन राह्यला.” ही अफवा पसरवल्याचा आरोप त्यामुळे अंशतः मान्य आहे. पुढच्या टपरीवर आपण चहा घेत उभे होतात. अर्जदाराने बोटीतून उठून नमस्कार केला. आपण कप खाली ठेवलात, परंतु नमस्कार घेतला नाहीत.

७. शेगावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी बोट परस्पर जलाशयावर आली. एकही पाटा लवला नव्हता, एकही बोल्ट ढिला पडला नव्हता. टिकाऊपणाची याहून कडक चाचणी कोणत्याही कार्यालयाने आजवर घेतली नसेल, ही बाब नम्रपणे नोंदवण्यात येत आहे. तापलेली चाके पाण्यात घातल्यास बेअरिंगमध्ये पाणी शिरते, म्हणून ती निवेपर्यंत थांबा, अशी मिस्त्रींची ताकीद होती. पल्याड अंबूबाई रुपालीला घेऊन काठावर आलेल्या दिसत होत्या, आणि अर्जदार चाकांना हात लावून लावून पाहत होता. त्याच्या आयुष्यात तेवढा लांब वेळ दुसरा गेलेला नाही. अखेर ट्रेलर उतारावरून मागे मागे पाण्यात गेला, बोट आपसूक उचलली आणि तरंगली. बोटीच्या सरकारी उद्घाटनाचे पाहुणे अजून ठरायचे होते, हे तेव्हा खरोखरच कोणाच्या ध्यानात राहिले नाही. अंबूबाईही सोबत आल्या. त्यांनी बोटीत पाय ठेवताच डोळे मिटले ते अल्याड उघडले. रुपालीला एक गचका बसला नाही. नववा महिनाही पुरता भरू न देता ती चौथ्याच दिवशी आरोग्य केंद्रात सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. वजन थोडे कमी असले तरी आवाज पुरेसा आहे.

८. आता आपल्या ज्ञापनातील तीन आदेशांविषयी.

ट्रेलर मिस्त्रींना परत करावा : आज्ञा झाल्यास करू. मात्र मग चैत्रात बोट गाळात बसेल व पुढची पाळी जानरावांच्या बंड्यांची येईल, याचा कृपया विचार व्हावा.

बोट व सर्व बाबी पूर्ववत कराव्यात : बोट पारासमोर नेऊन ठेवता येईल, पत्ते खेळणारी मंडळी तर रोज चौकशी करीतच आहेत. परंतु रुपाली व बाळ यांना पूर्ववत करण्याचा कोणताही मार्ग अर्जदारास, डॉक्टरांस किंवा अंबूबाईंस सुचत नाही.

झाल्या प्रकाराबद्दल लेखी खेद व्यक्त करावा : अर्जदाराने यासाठी प्रामाणिक प्रयत्न केला. दोन वेळा कोरा कागद घेऊन बसला. दोन्ही वेळा रुखमाबाईंनी नात आणून मांडीवर ठेवली. महोदय, तिने अर्जदाराचे बोट धरले आहे व ती ते सोडत नाही, म्हणून हा अर्ज एका हाताने लिहिला आहे, अक्षर वाकडे आल्यास सांभाळून घ्यावे. दंड करावा, अध्यक्षपद काढून घ्यावे, ते तर आनंदाने देईन. खेद मात्र होत नाही. पुष्कळ शोधला, साहेब, कुठेच सापडला नाही.

सबब क्र. २ च्या ट्रेलरला मंजुरी द्यावी, ही विनंती.

आपला नम्र, आणि नुकताच आजोबा झालेला,
(सही)
शेषराव भगवंतराव जायभाये
मौजे तळेगव्हाण, दि. २० जानेवारी २०२५

सोबत : १) तिन्ही दरपत्रके.
२) ट्रेलर, बोट व गाव यांचे शेगाव येथील छायाचित्र.
३) जिलेबी, अर्धा किलो. ही आवक नोंदवहीत चढवू नये. गरम आहे तोवर कार्यालयात वाटावी.