तीन नंबरची फाइल आणि अंगणातला फलक

सफाक्स, शुक्रवार

आदरणीय मुंजीमामांना भाचा नौफलचा सलाम. तुमचा गुडघा थंडीत फार कुरकुरत नसेल आणि मामींची लाल मिरचीची हरीसा यंदाही डोळ्यांतून पाणी काढत असेल, अशी आशा करतो. (आमच्याकडची बरणी संपली. हे आपलं सहज.)

घाण्यावरचा किस्सा तुमच्या कानी आलाच असेल, म्हणून सरळ करून सांगतो. हाज तिजानींच्या तेलघाण्यावर जैतून आणणारा माणूस आपल्याच पोत्यांचं तेल डोळ्यांदेखत निघेपर्यंत अंगणातून हलत नाही, हे तुम्ही जाणताच. कुणाची पाळी आली ते दाखवायला तिथे आम्ही मोठा फलक बसवला. मुख्य प्रोग्राम माझा. त्याला लिहिण्या-छापण्याची कामं करून देणारा वेगळा तुकडा, म्हणजे लायब्ररी, तुमच्या लेकीची, सिहेमची. मालाबद्दलचे खासगी शेरे (फक्त हाजसाहेबांनी वाचायचे) एका फाइलीत जायचे होते. ती माझ्या प्रोग्रामने उघडली, तिला नंबर मिळाला तीन, आणि मी तोच नंबर लायब्ररीच्या हाती दिला: घे, लिही! पण दोघांची बांधणी वेगळी, म्हणून उघड्या फाइलींची यादीही ज्याची त्याची. आपल्या गल्लीतल्या हमामखान्याचा बिल्ला पलीकडच्या हमामखान्यात दाखवून कपडे मागावेत, तसं झालं. सिहेमच्या यादीत तीन नंबर म्हणजे अंगणातला फलक.

मंगळवारी सकाळी चाळीस माणसांसमोर ठळक अक्षरांत झळकलं: 'बूबकर. जैतून कमी, पाला जास्त, बढाई त्याहून जास्त.' पाठोपाठ: 'जिलानी बंधू. वजनासाठी पोती भिजवतात.' मी बसतो त्या माडीच्या खिडकीकडे बघत बूबकर ओरडला, "अरे नौफल, खाली ये की! वरून पाला मोजतोस होय?" थोरले जिलानी म्हणाले, "दवाने भिजली रे पोती, दवाने!" संध्याकाळपर्यंत अकरा गाड्या दुसऱ्या घाण्यावर गेल्या. हाजसाहेबांनी शांतपणे विचारलं, "बाळा, तुझं लग्न ठरलं नाही ना अजून? बरं झालं." सोमवारपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर मला नारळ.

पण मी डगमगणारा नव्हे. दोष उघडउघड लायब्ररीचा आहे, आणि माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला तो चुटकीसरशी निस्तरता येतो. काळजी नसावी.

तुमचा लाडका भाचा,
नौफल

ता. क. : दोष लायब्ररीचा, हे जरा घाईत लिहिलं. सिहेमने दोनदा बजावलं होतं, "दादा, उघड्या फाइलीचा नंबर देऊ नकोस. नाव दे, मीच उघडीन, मीच बंद करीन." मी म्हणालो, कालची पोर मला शिकवते!

ता. ता. क. : चुटकीसरशी काहीही निस्तरत नाही. मंगळवारी हाजसाहेबांसमोर मी "लायब्ररी हिची" म्हणालो, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. तेव्हापासून ती कामावर नाही, फोनही उचलत नाही. मामा, मला फार लाज वाटते. सोमवारी अंगणात सगळ्यांसमोर चूक माझी म्हणून सांगणार आहे, ती आली नाही तरी. आली तर मात्र उपकार होतील. शेरे अजून फलकावरच आहेत. (तार काढून पाहिली, लावली की पुन्हा हजर.) सध्या वर चादर टाकली आहे, पण वारा सुटला की अख्खं अंगण वाचायला लागतं.